बायोप्सीचा एवढासा तुकडा

उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या बाईकडे मोहल्ल्यातले लोक काय काय वाचून घ्यायला येतात, त्याची यादी मोठी आहे. तलाठ्याची नोटीस, बँकेचे पत्र, मुलाच्या स्कॉलरशिपचा फॉर्म. गेल्या काही वर्षांत त्यात हॉस्पिटलच्या फायलींची भर पडली आहे. डॉक्टरांनी घाईत जे सांगितले ते मलकापूर स्टेशनपर्यंत येता येता निम्मे विसरलेले असते आणि कागद सगळा इंग्रजीत. मी डॉक्टर नाही, हे प्रत्येकाला आधीच सांगते. औषध सांगत नाही, शब्दाचा अर्थ तेवढा सांगते.

त्या फायलींमध्ये एक शेरा मला पुन्हा पुन्हा दिसतो: जनुकीय तपासणीसाठी नमुना अपुरा. घरचे लोक त्याचा अर्थ आपापल्या परीने लावतात. कोणी म्हणते डॉक्टरला तुकडा नीट काढता आला नाही. कोणी म्हणते पैसे उकळायचा धंदा आहे, आता परत सुई लावतील. आणि घरातली एखादी खाला हळूच म्हणते, "सुई लावली की गाठ पसरते, आता दुसऱ्यांदा नको." मग दुसरी सुई राहून जाते, त्या सुईवर जे औषध ठरणार होते तेही राहून जाते. म्हणून या महिन्यात त्या एवढ्याशा तुकड्याविषयीच लिहायचे ठरवले.

आधी तुकडा केवढा असतो ते पाहू. गाठ फुप्फुसात किंवा पोटात खोल असेल तर पोकळ सुईने तिचा नमुना घेतात. शीरखुर्म्यातल्या शेवईचा मोडका तुकडा डोळ्यांपुढे आणा. जाडी एक मिलिमीटरच्या आसपास, लांबी एक-दीड सेंटिमीटर. श्वासनळीतून दुर्बीण घालून चिमट्याने घेतलेले तुकडे तर मोहरीच्या दाण्याएवढेच. हा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात, म्हणजे तो सडत नाही. नंतर तो मेणात बसवून त्याची छोटी वडी करतात, तिलाच ब्लॉक म्हणतात. ब्लॉकवरून यंत्राने काप काढतात, केसाच्या जाडीच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याइतके पातळ. काप काचेवर घेऊन, रंग देऊन पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

पहिले काप जातात ते कॅन्सर आहे की नाही हे पाहण्यात. पुढचे काप जातात तो कोणत्या जातीचा आहे, फुप्फुसातच उगवला की दुसरीकडून आला, हे ठरवण्यात. त्यासाठी वेगवेगळे रंग लावावे लागतात आणि प्रत्येक रंगाला नवा काप लागतो. एवढे झाल्यावर जे उरते ते जनुकांच्या तपासणीला. शेवईएवढ्या तुकड्यातून किती उरणार? म्हणजे 'नमुना अपुरा' या शेऱ्यात कोणाची चूक असेलच असे नाही. पुष्कळदा तुकडा पहिल्या दोन जरुरीच्या कामांतच खर्ची पडलेला असतो.

आता ही जनुकांची तपासणी म्हणजे काय? माझ्या वर्गातली मुले हे माझ्यापेक्षा लवकर समजतात, कारण त्यांना नुक्त्याची किंमत माहीत असते. उर्दूत 'दुआ' लिहिताना ऐनवर एक नुक्ता चुकून पडला की 'दग़ा' होते. बाकी अक्षरे तीच, अर्थ उलटा. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा जो मजकूर असतो तो चारच अक्षरांत लिहिलेला आहे आणि त्याच्या एका संचाची लांबी सुमारे ३०० कोटी अक्षरे. पेशी दुभंगताना या मजकुराची नक्कल होते आणि नकलेत कुठे कुठे नुक्ता चुकतो. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, किंवा त्या दुरुस्त होतात. काही चुका मात्र नेमक्या अशा जागी पडतात की पेशीला थांबायचे कळेनासे होते.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर नावाचे एक जनुक आहे. त्याचे काम गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखे. त्यात एका ठरावीक ठिकाणी 'टी' या अक्षराच्या जागी 'जी' आले की तो ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहतो. या चुकीला एल ८५८ आर असे नाव आहे. एवढा एक नुक्ता. पण तो सापडला तर अशा रुग्णाला गेफिटिनिबसारखी गोळी देता येते, जी नेमकी त्या अडकलेल्या जागेवर काम करते. ईजीएफआरमध्ये अशी कोणतीच चूक सापडली नाही तर ती गोळी देण्यात अर्थ नसतो. गाठ बाहेरून दोघांची सारखीच दिसते, खोकला सारखाच, एक्स-रेही सारखाच. फरक कळतो तो तुकडा वाचल्यावरच.

हे परदेशातले किस्से नव्हेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये आपल्या देशातल्या ९०७ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. सगळे फुप्फुसाच्या एका विशिष्ट जातीच्या कॅन्सरचे. त्यांच्यात ईजीएफआरची चूक २३ टक्क्यांत सापडली, म्हणजे जवळजवळ चारातल्या एकात. बायकांमध्ये आणि बिडी-सिगारेट कधीच न ओढलेल्यांमध्ये प्रमाण आणखी जास्त. आपल्याकडे "तिने तर जन्मात बिडी पाहिली नाही, तिला फुप्फुसाचा कॅन्सर कसा होईल" असे म्हणून महिनोन्महिने टीबीच्याच गोळ्या चालू राहतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ज्या बाईबद्दल असे म्हटले जाते, तिच्याच तुकड्यात तो नुक्ता सापडण्याची शक्यता अधिक असते.

त्याच हॉस्पिटलने पुढे ही चूक असलेल्या ३५० रुग्णांवर एक चाचणी केली. निम्म्यांना नुसती गेफिटिनिबची गोळी, निम्म्यांना गोळी आणि सोबत केमोथेरपी. २०२० मध्ये निष्कर्ष छापले गेले. नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, दोन्ही मिळून १६ महिने. सोबतीच्या केमोने त्रासही वाढला, हेही त्यांनी लिहिले. खरे सांगायचे तर पसरलेला कॅन्सर या गोळीने मुळापासून जात नाही. पण ज्या घरात आठ महिने आणि सोळा महिने यांच्या मध्ये मुलीचे लग्न किंवा नातवाचा जन्म आहे, त्या घराला या फरकाचा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता तुकडा लहान असला की वाचणे अवघड का होते ते पाहू. एका पेशीत डीएनए असतो सुमारे ६ पिकोग्राम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले सहा. तपासणीच्या यंत्रांना पूर्वी पुष्कळ डीएनए लागे. आता काही पद्धती १० नॅनोग्रामवर चालतात, म्हणजे हिशेबाने दीड हजारांच्या आसपास पेशींवर. ऐकायला थोडे वाटते. पण तुकड्यातल्या सगळ्या पेशी कॅन्सरच्या नसतात. मध्ये चांगल्या पेशी असतात, रक्ताच्या असतात, सूज आलेल्या भागातल्या असतात. समजा शंभर पेशींत कॅन्सरच्या वीस. प्रत्येक पेशीत मजकुराच्या दोन प्रती, एक आईकडची आणि एक वडिलांकडची, आणि चूक बहुधा दोनातल्या एकाच प्रतीत. म्हणजे दोनशे प्रतींत चुकीच्या प्रती वीस, दहा टक्के. कॅन्सरच्या पेशी पाचच असत्या तर अडीच टक्के. म्हणून पॅथॉलॉजिस्ट आधी काचेवर पेनाने गोल करून देतात, की इथे कॅन्सरच्या पेशी दाट आहेत, एवढाच भाग खरवडून घ्या. पुढच्या सगळ्या महागड्या यंत्रांची भिस्त त्या हाताने काढलेल्या गोलावर असते. मला या साऱ्या प्रकारात ही गोष्ट सर्वांत आवडते.

मग येते झेरॉक्सची पायरी. डीएनए इतका थोडा असतो की आधी त्याच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात. फिकट, फाटक्या कागदाची झेरॉक्स काढली की काचेवरचा धुळीचा कणही ठिपका होऊन उमटतो, तसेच इथे होते. शिवाय फॉर्मॅलिन तुकडा टिकवतो खरा, पण डीएनएचे धागे तोडतो आणि काही ठिकाणी 'सी' हे अक्षर 'टी' असल्यासारखे वाचले जाते. म्हणजे नुक्ता मुळात चुकलेला होता की मेणात आणि फॉर्मॅलिनमध्ये पडला, हा सवाल.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेली तोड शिक्षकांना लगेच पटेल. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो ना, तसा डीएनएच्या प्रत्येक मूळ तुकड्याला प्रती काढण्याआधीच वेगळा खुणेचा क्रमांक जोडतात. मग झेरॉक्स काढतात. वाचताना एकाच क्रमांकाच्या सगळ्या प्रती शेजारी शेजारी लावल्या की कळते. चूक सगळ्या प्रतींत असेल तर ती मूळ तुकड्यातच होती. दोन-चार प्रतींतच असेल तर ती यंत्राची. दुसरा उपाय म्हणजे त्याच माणसाचे रक्त सोबत वाचायचे, म्हणजे जन्मापासूनचा फरक कोणता आणि गाठीतला कोणता ते वेगळे काढता येते. रक्त नसेल तर आपल्या लोकांच्या निरोगी मजकुराशी ताडून पाहावे लागते. तो मजकूर बराच काळ परदेशी लोकांचाच होता, त्यामुळे आपल्याकडे सर्रास आढळणारा निरुपद्रवी फरकही चूक समजला जाण्याची भीती असे. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचेच ॲक्ट्रेक नावाचे संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये भारतीय लोकांच्या अशा फरकांची नोंदवही तयार करून सर्वांसाठी खुली केली.

आमच्या जिल्ह्यात मात्र फुप्फुसापेक्षा जास्त फायली येतात त्या तोंडाच्या. कारण सांगायला नको. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, खर्रा घोटण्याचा आवाज मात्र बसस्टँडवर रोज ऐकू येतो, आणि मशेरी लावणाऱ्या आजीला कोणी व्यसनी म्हणत नाही. टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर या मराठी पॅथॉलॉजिस्टकडे होत्या. तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कॅन्सर यांच्या नात्यावर त्यांनी तेव्हापासून लिहिले. पुढे जगातल्या देशांनी कॅन्सरचा जनुकीय मजकूर वाचायची कामे वाटून घेतली, तेव्हा भारताने हिरडी आणि गालाच्या आतल्या भागाचा कॅन्सर निवडला. तो आपलाच रोग. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची संस्था आणि ॲक्ट्रेक यांनी मिळून ११० रुग्णांच्या गाठी वाचल्या आणि २०१३ मध्ये निकाल छापला.

त्यात जे सापडले ते जाणून घेण्यासारखे आहे. फुप्फुसात ॲक्सिलरेटर अडकलेला असतो. तोंडाच्या गाठींत बहुतेक ठिकाणी टीपी ५३, फॅट १, कॅस्पेस ८ अशी ब्रेकचे काम करणारी जनुके तुटलेली दिसली. अडकलेल्या पेडलवरून पाय उचलणारी गोळी करता आली. तुटलेला ब्रेक परत बसवणारी गोळी अजून हाती नाही. म्हणून तोंडाच्या कॅन्सरमध्ये आजही पहिला आधार ऑपरेशन आणि शेक यांचाच. कोणी तोंडाची गाठ असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच मोठी, महाग जनुकीय तपासणी सांगितली तर एक प्रश्न जरूर विचारावा: "हा रिपोर्ट आला तर तुम्ही औषध बदलणार का?" उत्तर 'हो' असेल तर का, ते समजून घ्या. उत्तर गुळमुळीत असेल तर शेत किंवा दागिना गहाण टाकण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशने, केमो, शेक यांतले बरेच काही बसते. ही तपासणी बसते का, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावे.

वाचक भगिनींनो, एक गोष्ट तुमच्याशी बोलायची आहे, कारण ती पुरुषांच्या बैठकीत बोलली जात नाही. जनुक हा शब्द ऐकला की घरात पहिली फिक्र रिश्त्याची. "खानदानी रोग निघाला तर मुलींचे कसे होणार?" या भीतीने तपासणी नाकारणारी घरे मी पाहिली आहेत. नीट समजून घ्या. गाठीच्या तुकड्यात सापडणाऱ्या बहुतेक चुका त्या गाठीतच जन्मलेल्या असतात. ईजीएफआरची ती चूक अम्मीच्या फुप्फुसात झाली, ती तिच्या रक्तातून मुलीला सहसा जात नाही. मुलीच्या लग्नाशी तिचा संबंध नाही.

थोड्या रुग्णांत मात्र गाठ वाचताना जन्मापासूनच्या चुकीचा इशारा मिळतो. स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कॅन्सरमधले बीआरसीए हे जनुक त्यांतले. मग रक्ताची वेगळी तपासणी करतात आणि ती चूक ठरली तर प्रत्येक मुलामुलीत ती उतरण्याची शक्यता निम्मी असते. हो, मुलातही, बापाकडूनही ती येते, हे सुनेला बोल लावणाऱ्यांनी ऐकून ठेवावे. उतरली म्हणजे कॅन्सर झाला असेही नाही. तिशीतल्या बहिणीला वेळेवर तपासण्या सुरू करता येतात. न सांगितलेली गोष्ट रिश्ता वाचवते असे वाटते, पण ती बहिणीची ती वेळ घालवते. ही माहिती कोणाला सांगायची हा हक्क मात्र रुग्णाचा. फाईल उघडून मोहल्ल्यात वाचायची नाही, आणि ज्या बाईकडे वाचून घेतली तिनेही तोंड बंद ठेवायचे.

गाठ पसरण्याच्या भीतीबद्दल दोन वाक्ये. सुईच्या वाटेने पेशी पसरल्याची उदाहरणे आहेत, पण फार विरळ. ज्या अवयवांत तो धोका असतो तिथे डॉक्टर सुई लावतच नाहीत किंवा वाट वेगळी निवडतात. कॅन्सर पसरतो तो बहुतेक वेळा उपचार लांबल्याने.

दुसऱ्या सुईची पाळी कधी कधी आपल्याच हातांनी येते. आपल्याकडे बायोप्सीची डबी पुष्कळदा नातेवाइकाच्या हातात देतात आणि लॅबमध्ये पोचवा म्हणतात. एका विद्यार्थिनीच्या आजीची डबी अशीच ईदच्या आणि रविवारच्या सुट्टीत अडकून घरी कपाटावर पाच दिवस राहिली. तुकडा खराब दिसत नव्हता, कॅन्सरचे निदानही झाले. पण इतके दिवस फॉर्मॅलिनमध्ये राहिल्याने डीएनए मोडला होता आणि जनुकांची तपासणी फसली. डबी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचली पाहिजे. तीन दिवसांच्या पुढे नकोच. डबीत साधे पाणी किंवा सलाईन नव्हे, फॉर्मॅलिनच हवे, आणि तुकडा त्यात पूर्ण बुडालेला. वर नाव, तारीख, वेळ. आणि सुई लावण्याआधीच डॉक्टरांना विचारता येते, "यातून जनुकांची तपासणीही करायची आहे का?" तसे असेल तर ते दोन-तीन तुकडे जास्त घेऊ शकतात आणि लॅबही काप जपून वापरते.

तुकडा घेणे अगदीच शक्य नसेल तर हातातून काढलेल्या रक्तातही गाठीचा थोडा डीएनए वाहत असतो, तो वाचता येतो. पण त्यात चूक सापडली तर ती खरी मानतात. सापडली नाही तर 'नाही' असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण गाठीने रक्तात पुरेसे सोडलेलेच नसेल.

मुंबई, नागपूर किंवा संभाजीनगरला दाखवायला जाताना फाईलसोबत ब्लॉक आणि काचाही न्याव्या लागतात. ज्या लॅबमध्ये बायोप्सी झाली तिथे साध्या कागदावर अर्ज करून त्या मागता येतात. रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर एकच आहे का ते तिथेच उभे राहून ताडून घ्या. ब्लॉक मेणाचा असतो. मे महिन्यात खामगाव-मलकापूरकडे बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर तो मऊ पडून बिघडू शकतो. जाड कागदात गुंडाळून, छोट्या डबीत, हातातल्या पिशवीत ठेवा, रेल्वेत सीटखालच्या बॅगेत नको. तपासणी झाल्यावर उरलेला ब्लॉक परत मागून घ्या आणि मूळ लॅबमध्ये जमा करून पोच घ्या. वर्षभराने नवे औषध निघाले, तर डॉक्टर पहिल्यांदा तोच ब्लॉक मागतील.